विंडोज, लिनक्स की मॅक? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. ‘कोणता संगणक घेऊ?’ याऐवजी ‘आहे त्यावर काय टाकू?’ असे वाचक विचारू लागले आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिले आहे. सगळ्या उत्तरांमागचा क्रम एकच आहे: ज्याच्यावाचून आपले अडेल असे सॉफ्टवेअर, गेम आणि प्रिंटर आधी कागदावर लिहा, ऑपरेटिंग सिस्टीम त्यानंतर ठरवा.

प्रश्न : २०१४ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बँकेचे व्यवहार, वीजबिल, यूट्यूब, मुलीचा अभ्यास आणि देवस्थान समितीची मराठी पत्रे एवढाच वापर. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे जातात. दुकानदार म्हणतो, यावर विंडोज ११ चढणार नाही, नवीनच घ्या. खरेच टाकून द्यायचा का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : टाकू नका. दुकानदाराचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीम चालू देणारी सोय) चालेल असा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, लागतो. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा हवा. आपला आय५ त्या यादीत बसत नाही. रुफससारखे साधन वापरून ही तपासणी चुकवता येते आणि काही दुकानदार ते सर्रास करून देतात. सिस्टीम चालतेही. पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती अशा मशिनवर आपोआप येत नाही, ती पुन्हा हाताने चढवावी लागते, आणि अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशिनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा, तिथे आम्ही हे सुचवणार नाही.

घाई मात्र नाही. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मशिनवर २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलेले हवे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. तिथे सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडण्याचा पर्याय घेतला तर पैसे पडत नाहीत.

आता मशीन मंद का, ते पाहू. यात विंडोजपेक्षा हार्ड डिस्कचा दोष जास्त आहे. चौथ्या पिढीचा आय५ आजही ब्राउझर आणि पत्रलेखनाला पुरून उरतो; अडते ती फिरणारी डिस्क, आणि ४ जीबी रॅम भरली की सिस्टीम त्याच डिस्कवर तात्पुरती माहिती लिहू लागते. म्हणून पहिला खर्च २.५ इंची साटा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) करा, २४० किंवा २५६ जीबीची पुरते. दुसरा खर्च रॅमवर. या पिढीच्या डेस्कटॉपला डीडीआर३, १६०० ची पट्टी लागते. आहे तशीच ४ जीबीची आणखी एक रिकाम्या खाचेत बसवली की काम झाले. हेच कोणी त्या काळच्या लॅपटॉपवर करणार असेल तर पट्टीवर डीडीआर३एल लिहिलेले आहे ना, ते बघून घ्या. साधी डीडीआर३ तिथे बहुधा चालत नाही, कारण ती दीड व्होल्टची आणि लॅपटॉपला हवी १.३५ व्होल्टची.

सिस्टीम म्हणून आमची शिफारस लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक तयार प्रकार. विंडोजची सवय असलेल्या माणसाला खाली डाव्या कोपऱ्यातला मेनू, टास्कबार, फाइलींची खिडकी ओळखीची वाटते. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. रॅम ८ जीबी केलीत तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबीवरच राहणार असाल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलमध्ये उतरवून घ्यायची अख्खी सिस्टीम, साधारण ३ जीबीची असते. ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचरने लिहावी लागते. नुसती कॉपी करून पेनड्राइव्ह बूट होत नाही, आणि लिहिताना पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते. मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबायची: डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाइटवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डवर एफ८.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाले की लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. त्या अवस्थेत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही, तेव्हा अर्धा तास वापरून पाहा. आवाज येतो का, वाय-फाय पकडतो का, स्क्रीन झोपल्यावर परत उठते का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. इथेच पुष्कळांची गाडी अडते. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार त्रास देतो, कारण त्याची छपाईची भाषा कॅननची स्वतःची आहे आणि तिचा लिनक्सचा ड्रायव्हर जुना आहे. एचपीचा लेझरजेट १०२० किंवा एम१००५ चालतो, पण एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत त्याचे वेगळे प्लगइन उतरवावे लागते. प्लगइन नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवले जाते आणि कागद काही हलत नाही. एपसनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेचे ड्रायव्हर नीट मिळतात.

बसवताना एक काळजी घ्या. मशीन बंद करून जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा, फक्त नवी एसएसडी जोडलेली असू द्या. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ हा पर्याय निवडताना चुकीची डिस्क निवडण्याची भीतीच राहत नाही. सगळे झाल्यावर केबल परत लावा; जुने फोटो आणि कागदपत्रे मिंटमध्ये दिसतील. पहिल्याच दिवशी अपडेट मॅनेजर चालवा आणि टाइमशिफ्ट सुरू करा. टाइमशिफ्ट सिस्टीम मागच्या तारखेला नेते, पण आपल्या फोटो-पत्रांचा बॅकअप ते आपणहून घेत नाही. तो बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्यावा लागतो.

समितीच्या पत्रांसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडा. मांडणी विंडोजच्या इन्स्क्रिप्टसारखीच आहे. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यातला ‘ऱ्य’ साध्या ‘र’ने येत नाही, त्याला शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. इतकी वर्षे विंडोजवर टाइप केलेली पत्रे युनिकोडमध्ये असतील तर लिबरऑफिसमध्ये तशीच उघडतात. फक्त अक्षराचा फॉन्ट बदललेला दिसला तर मजकूर पुढच्या पानावर सरकतो.

प्रश्न : फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आहे. रायझन ५ ५६००, आरएक्स ६६००, १६ जीबी रॅम. व्हॅलोरंट, सीएस२, ईए एफसी आणि जीटीए ५ खेळतो. मित्र म्हणतात, लिनक्सवर गेम विंडोजपेक्षा जोरात पळतात. विंडोज काढून टाकू का?
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : तुझ्या यादीत चार गेम आहेत आणि त्यातल्या तीनांसाठी (जीटीए ५ चे ऑनलाइन धरून) उत्तर ‘नाही’ असेच आहे. वेगाचा प्रश्न नंतरचा.

आधी जमेची बाजू. वाल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणला. विंडोजसाठी लिहिलेला गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतो. प्रोटॉन ते बोलणे वल्कनमध्ये उतरवतो, आणि वल्कन लिनक्सला कळते. २०२२ साली आलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक याच पायावर उभा आहे. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आज लिनक्सवर दोन-तीन क्लिकमध्ये चालतात. वेग साधारण विंडोजइतकाच, कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी. रे ट्रेसिंग लावले तर विंडोज सहसा पुढे. तुझे कार्ड एएमडीचे आहे ही चांगली गोष्ट, त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो.

अडचण अँटी-चीटची, म्हणजे लबाडी करणारे खेळाडू पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या सगळ्यात आतल्या थरात, ड्रायव्हर म्हणून बसतो. लिनक्सचे कर्नल कोणीही बदलून स्वतः तयार करू शकतो, त्यामुळे समोरच्या मशिनवर खरेच काय चालले आहे याची खात्री कंपनीला तशा रीतीने करता येत नाही, आणि प्रोटॉनला कर्नलचा ड्रायव्हर चालवता येत नाही. म्हणून व्हॅलोरंट लिनक्सवर नाही आणि मॅकवरही नाही. ईए एफसीचे तेच, ईएचा स्वतःचा अँटी-चीट आडवा येतो. जीटीए ५ ची कथा लिनक्सवर खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून ऑनलाइन बंद. एपेक्स लेजंड्स आधी चालत होता, २०२४ च्या शेवटी कंपनीनेच लिनक्स बंद केले. फोर्टनाइट आणि पबजी चालत नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ पासूनच प्रोटॉनला आधार दिलेला आहे, पण तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. एल्डन रिंगने केला, म्हणून तो चालतो. सीएस२ तर खुद्द लिनक्ससाठी बनलेला आहे. फक्त फेसइट या सामन्यांच्या ऑनलाइन सेवेवर खेळत असशील तर त्यांचा क्लायंट विंडोजच मागतो.

कुठलाही गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर त्याचे नाव टाकून बघायचे. ‘प्लॅटिनम’ आणि ‘गोल्ड’ असेल तर निर्धास्त राहा. ‘सिल्व्हर’ला खाली लोकांनी लिहिलेल्या टिपा वाचाव्या लागतात. ‘बोर्क्ड’ दिसले तर नाद सोड.

विंडोजवर राहणार असशील तर व्हॅलोरंटसाठी विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात, आणि बॅटलफिल्ड ६ लाही तेच लागते. इथे होस्टेलवर हमखास होणारा घोटाळा असा: बायोसमध्ये जाऊन कोणी थेट सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू होऊ देणारी सोय) बंद करतो, सिक्युअर बूट लावतो आणि विंडोज उठतच नाही. कारण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते. त्यावेळी घाबरून फॉरमॅट मारू नये, सीएसएम परत चालू केले की विंडोज उठते. योग्य क्रम असा. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ उघड आणि ‘बायोस मोड’ बघ. ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) असेल तर थेट बायोसमध्ये जा. ‘लेगसी’ (जुनी) असेल तर ॲडमिन अधिकाराने, डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत आणणारे विंडोजचेच ‘एमबीआर२जीपीटी’ चालवायचे, आधी ‘व्हॅलिडेट’, मग ‘कन्व्हर्ट’, दोन्ही वेळी ‘अलाऊ फुल ओएस’ जोडून. त्यानंतर सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. टीपीएम तुझ्या बोर्डवर ‘एएमडी एफटीपीएम’ नावाने असेल, इंटेलच्या बोर्डवर ‘पीटीटी’.

हे सगळे करण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली तपास. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने टाकलेल्या सिस्टीमवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की बहुतेक मशिनवर ते आपोआप चालू होते. मग बायोसमध्ये हात घातला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते; दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून कागदावर उतरवून घे. की मिळाली नाही तर त्या डिस्कवरचा डेटा कोणीही परत आणून देऊ शकत नाही, कितीही मोठा तंत्रज्ञ असो.

लिनक्स शिकायची इच्छा असेल, आणि तुझ्या शाखेत ती असावीच, तर दोन्ही ठेव. दोन वेगळ्या एसएसडी घेणे सर्वांत निर्धोक. एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स, आणि सुरू करताना बूट मेनूतून निवड. विंडोजच्या मोठ्या अपडेटने लिनक्सचा बूटलोडर (ते सुरू करून देणारा प्रोग्राम) उडाला अशी रड मग होत नाही. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायला विसरू नको. ते चालू असताना शटडाउन केले तरी विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि तिच्या डिस्कवर लिनक्सला लिहू देत नाही. घड्याळही साडेपाच तासांनी मागे-पुढे होईल, कारण बोर्डावरचे घड्याळ विंडोज भारतीय वेळेवर ठेवते आणि लिनक्स ते जागतिक वेळेवर आहे असे धरून चालते. घड्याळ चुकले की ब्राउझरमध्ये सुरक्षेच्या चुका येऊ लागतात आणि मुले वाय-फायला दोष देतात. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ने बोर्डाचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले की मिटते.

विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवरचेच गेम लिनक्समधून चालवायचा मोह टाळ. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटी सी ड्राइव्ह बनवतो आणि तिच्या नावात कोलन असतो. विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. पुढच्या वेळी विंडोजने डिस्क तपासली की त्या नोंदींची मोडतोड. लिनक्सचे गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर ठेव. शंभर जीबीचा गेम होस्टेलच्या नेटवर पुन्हा उतरवायचीही गरज नाही. स्टीममध्ये ‘डाउनलोड्स’खाली स्थानिक नेटवर्कवरून गेम घेण्याची सोय २०२३ पासून आहे. शेजारच्या खोलीतल्या मित्राकडे तोच गेम असेल आणि दोघांनी हे चालू ठेवले असेल तर फाइल त्याच्या मशिनवरून येतात.

एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या मुलांनी एक लक्षात ठेवावे. ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. बरेच जण तो पडदा न वाचता एंटर मारतात, ड्रायव्हर चढत नाही आणि गेम मिनिटाला चार चित्रे दाखवू लागतो.

आणि सिस्टीम कोणतीही असो, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर सेटिंग्जमध्ये खरेच १४४ निवडलेले आहे का, ते एकदा बघ. नवीन मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदा ६० वरच ठेवते. बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी (पट्टीचा पूर्ण वेग देणारे सेटिंग) चालू नसेल तर ३२०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर चालते. लिनक्सने ‘जास्त एफपीएस मिळाले’ (सेकंदाला जास्त चित्रे दिसू लागली) म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचा खरा तोटा या दोन जागी असतो.

प्रश्न : मडगावात छोटे डीटीपी केंद्र आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, स्मरणिका. जुना मजकूर श्री-लिपीत आणि पेजमेकरमध्ये आहे. मॅक मिनी घ्यावी असे वाटते. मुलगा त्यावर गेमही खेळेल.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मशीन म्हणून मॅक मिनी उत्तम आहे. एम४ ची मिनी २०२४ च्या अखेरीस आली तेव्हा भारतात ५९,९०० रुपयांपासून होती, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. आवाज जवळजवळ नाही, वीज कमी खाते, रंग चांगले सांभाळते. पण आपल्या धंद्याचा पाया जुन्या फाइली आहेत आणि तिथे ती उपयोगाची नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आजच्या मॅकवर ती चालणारच नाही. डाँगलवर (संगणकाला जोडायच्या परवान्याच्या चावीवर) चालणारी जुनी मराठी सॉफ्टवेअर, मॅकवर विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्समध्ये विंडोज टाकूनही उठण्याची आशा धरू नका, कारण ॲपलच्या नव्या चिपवर चालते ती विंडोजची आर्म आवृत्ती आणि डाँगलचा जुना ड्रायव्हर आर्मसाठी लिहिलेला नसतो.

म्हणून सध्याचे विंडोज मशीन मोडू नका. इंटरनेटपासून तोडून, फक्त जुन्या फाइली उघडण्यासाठी ठेवा. नवे काम युनिकोडमध्ये सुरू करा. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना रूपांतराचे साधन सरसकट विश्वासाने वापरू नका: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. त्यामुळे ‘कीर्ती’, ‘मूर्ती’, ‘निर्विघ्न’ अशा शब्दांत चुका राहतात, आणि पत्रिकेवर नेमके हेच शब्द असतात. प्रूफ वाचताना आधी रफार आणि वेलांट्यांवरूनच डोळा फिरवा. इनडिझाइनमध्ये मराठीसाठी ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला नसेल तर जोडाक्षरे तुटतात. मॅक असो वा विंडोज, हे सेटिंग प्रत्येक नव्या फाइलला तपासावे लागते.

मॅक घ्यायचीच ठरली तर रॅम खरेदीच्या वेळीच ठरवा, नंतर वाढत नाही. साठवण कमी पडली तर यूएसबी-सीची बाहेरची एसएसडी चालते. गिऱ्हाईक एनटीएफएसचा पेनड्राइव्ह घेऊन आले तर मॅक तो वाचते, पण त्यावर लिहीत नाही. आपला पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये ठेवा. कोणी जुनी इंटेलची आयमॅक स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, मॅकओएस २६ ‘टाहो’ ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने २०२५ मध्येच सांगितले आहे.

गेमचे म्हणाल तर बाल्डर्स गेट ३, सायबरपंक २०७७ आणि फुटबॉल मॅनेजर मॅकसाठी आहेत. ईए एफसी, व्हॅलोरंट, सीएस२ नाहीत. मुलगा मित्रांबरोबर काय खेळतो ते त्याला आधी विचारा.

प्रश्न : म्हापशात हिशेबाची कामे करतो. टॅली, जीएसटी, डिजिटल सहीचा टोकन. लिनक्स फुकट आहे म्हणून ऑफिसची चार मशिने बदलावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, आणि सहीच्या टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देत असल्या तरी पोर्टलवर सही करणाऱ्या सॉफ्टवेअरशी त्यांचे जुळवून घेण्यात रिटर्नची शेवटची तारीख निघून जाईल. विंडोज ११ वर राहा. टॅलीचा डेटा ज्या मशिनवर आहे त्यावर प्रो आवृत्ती घ्या. दुसऱ्या जागेवरून त्या मशिनवर रिमोट डेस्कटॉपने यायचे तर होम चालत नाही. इंटरनेटवर मिळणारे ‘ॲक्टिव्हेटर’ चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ज्या मशिनवर गिऱ्हाइकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत तिथे हे कधीही करू नका.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते याची गणतीच नाही. गेल्या चतुर्थीच्या आधी अपडेट चालू असताना वीज गेली आणि विंडोज बिघडली. यात कोणती सिस्टीम जास्त टिकते?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : चांगला प्रश्न, आणि वेगाच्या तक्त्यांत याचे उत्तर सापडत नाही. अपडेट मध्येच तुटले तर विंडोज पुढच्या वेळी ‘बदल मागे घेत आहोत’ असे सांगून स्वतःला सावरायचा प्रयत्न करते. त्याला तासही लागू शकतो. त्या वेळी पुन्हा बटण दाबून बंद केले की खरे नुकसान होते, म्हणून धीर धरा. मिंट किंवा उबुंटूमध्ये पॅकेज अर्धवट बसलेले राहते. टर्मिनलमध्ये ॲडमिन अधिकाराने ‘डीपीकेजी’ला उरलेली सगळी पॅकेज पूर्ण करायला सांगितले की बहुधा निभावते, पण नवख्या माणसाला ते सुचणार नाही. मॅकओएसची सिस्टीम वेगळ्या, सीलबंद भागात असते, त्यामुळे ती या बाबतीत घट्ट आहे. लिनक्समध्येच बॅझाइट किंवा फेडोरा सिल्व्हरब्लू घेतले तर नवी सिस्टीम जुनीच्या शेजारी पूर्ण तयार होते आणि रीस्टार्टला अदलाबदल होते. मध्ये वीज गेली तर जुनी तशीच उभी असते, आणि नवी आवडली नाही तरी बूट मेनूतून जुनी निवडता येते. गेमसाठी मशीन हवे, अँटी-चीटवाले गेम नकोत आणि वीज बेभरवशाची, अशा घरी आम्ही बॅझाइट सुचवू.

तरी यूपीएसला पर्याय नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट उचलतो. घरगुती डेस्कटॉपला तो काम जतन करून बंद करण्यापुरती काही मिनिटे देतो. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्ड ३०० वॅटच्या आसपास ओढत असेल तर वीज जाताच तोही बसतो. तिथे १००० व्हीए किंवा वरचा हवा. बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी मेमध्येच मशीन चालू ठेवून प्लग काढून बघा. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. अंगणात गडगडाट असताना ते चालू करायची गरज नाही. किनाऱ्याजवळ घर असेल तर खारी हवा रॅमच्या सोनेरी दातांवर थर धरते आणि सिस्टीम अधूनमधून निळ्या पडद्यावर येते. फॉरमॅट मारण्याआधी पट्टी काढून, दात खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवून पाहा.

थोडक्यात काही उत्तरे

केप्याच्या शिक्षिकेने क्रोमओएस फ्लेक्स या गूगलच्या सिस्टीमबद्दल विचारले आहे. शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर ४ जीबी रॅम असेल आणि सगळे काम ब्राउझरमध्येच होत असेल तर ते चांगले चालते. त्यावर प्ले स्टोअर नाही, म्हणून अँड्रॉइडची ॲप चालतील या आशेवर टाकू नका.

डिचोलीचे वाचक विचारतात, मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागते का. मशिनसोबत आलेली ओईएम असेल तर बहुधा हो, ती त्या बोर्डाशी बांधलेली असते. खोक्यातली रिटेल घेतली असेल तर नव्या बोर्डावर नेता येते. बोर्ड बदलण्याआधी ती मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून घ्या, म्हणजे नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर बदलले’ हा पर्याय वापरता येईल.

वास्कोच्या वाचकांचा टीव्हीला जोडलेला लिनक्स संगणक ४के मध्ये १२० हर्ट्झ देत नाही. कार्ड एएमडीचे आहे, तर केबल बदलून उपयोग नाही. त्यासाठी लागणारी एचडीएमआय २.१ ची सोय लिनक्सच्या मुक्त ड्रायव्हरमध्ये देण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारला. मॉनिटर असता तर डिस्प्लेपोर्ट वापरा म्हटले असते. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतो, तेव्हा त्या खोलीत ६० हर्ट्झवर राहा किंवा तेवढ्या मशिनवर विंडोज ठेवा.